एसीचा फिल्टर पहिल्यांदा घरी धुतला, त्याची हकिकत

आमच्या घरात एकच एसी आहे आणि तो आईंच्या खोलीत आहे. आई म्हणजे माझ्या सासूबाई, वय ७४. ऑक्टोबर २०२२ मध्ये मिरजेला त्यांच्या दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन झालं. घरी आल्यावर थंडीत पहाटे पाय आखडून यायला लागले, म्हणून नोव्हेंबरात दीड टनाचा हॉट अँड कोल्ड एसी घेतला. सांगलीत गरम हवेचा एसी कशाला, असं बऱ्याच जणांनी विचारलं. पण डिसेंबर-जानेवारीत पहाटे दोन तास तो हीटवर चालतो आणि मार्चपासून पाऊस येईपर्यंत रोज रात्री कूलवर. पावसाळा सोडला तर वर्षभर राबणारं यंत्र आहे ते.

पहिल्या वर्षी कंपनीच्या तीन फुकट सर्व्हिस होत्या. मुलगा यायचा, झाकण उघडायचा, काहीतरी धुवायचा, सही घेऊन जायचा. मी तेव्हा स्वयंपाकघरात असायचे. नोव्हेंबर २०२३ ला वर्ष संपलं, सर्व्हिसही संपल्या, आणि त्यानंतर जवळपास दीड वर्ष त्या झाकणाला कुणी हात लावला नाही. आपण लावायचा असतो हे आम्हाला माहीतच नव्हतं.

२०२५ मध्ये ४ एप्रिलला, शुक्रवारी, आई पहिल्यांदा म्हणाल्या की वारं येतंय पण गार नाही. मी रिमोटवर २४ चं २० केलं. दुसऱ्या दिवशी १८ केलं. ६ तारखेला रामनवमी होती. त्या रात्री दोनच्या सुमाराला आईंनी हाक मारली. त्यांच्या उशीवर पाणी टपकत होतं. आधी थेंब थेंब, मग एसीच्या डाव्या कोपऱ्यातून बारीक धार. पलंग सरकवला, खाली परात ठेवली, एसी बंद केला. उन्हाळ्याच्या रात्री उठून बसलेल्या आई, पायांवर ओला टॉवेल. मला फार वाईट वाटलं. ज्यांच्यासाठी घेतला त्यांनाच तो झोपू देत नव्हता.

सोमवारी ७ तारखेला सकाळी दहाला कंपनीच्या कस्टमर केअरला फोन केला. अठरा मिनिटं थांबल्यावर माणूस बोलला. एसीच्या कडेला स्टिकरवर असलेला सीरियल नंबर मागितला, तो वाचायला मी फोन कानाला धरून स्टुलावर चढले. तुम्ही फोन करणार असाल तर आधीच त्या स्टिकरचा मोबाइलवर फोटो काढून ठेवा. मॉडेल नंबर, सीरियल नंबर, खरेदीची तारीख आणि बिल नंबर, चारही लागतात. तक्रार नंबराचा मेसेज आला. ४८ तासांत माणूस येईल म्हणाले. व्हिजिट चार्ज ५०० अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९० रुपये, काम होवो न होवो.

बुधवार गेला. गुरुवारी महावीर जयंतीची सुट्टी होती. शुक्रवारी ११ तारखेला दुपारी साडेतीनला तंत्रज्ञ आला. पाच दिवस आई हॉलमध्ये पंख्याखाली झोपत होत्या.

तो मुलगा दहा मिनिटं होता. एसी चालू करायला लावला, हवेच्या तोंडाशी हात धरला, गॅलरीत जाऊन आउटडोअरकडे, म्हणजे एसीच्या बाहेर बसवलेल्या भागाकडे, बघितलं आणि म्हणाला, ‘मॅडम, गॅस कमी झालाय. भरावा लागंल. ३,२०० होतील. आज भरला तर आज, नंतर बोलावलंत तर परत व्हिजिट चार्ज बसंल.’ मी विचारलं, पाणी का गळतंय? ‘गॅस कमी झाला की गळतंय.’ त्याने झाकण उघडलं नाही, गॅसचा दाब मोजायचा मीटरही लावला नाही. हे मला आज कळतंय. तेव्हा मी एवढंच म्हटलं की घरात विचारून सांगते. ५९० रुपये घेतले आणि मोबाइलवर आलेला ओटीपी मागितला. मी दिला. पाच मिनिटांत मेसेज आला की तुमची तक्रार निवारण करून बंद करण्यात आली आहे. ओटीपी देणं म्हणजे काम झालं असं आपण लिहून देणं असतं. तुम्ही काम बघितल्याशिवाय तो देऊ नका, आणि ५९० ची पावती तिथल्या तिथे मागून घ्या. मला ती नंतर दोनदा फोन करून मिळवावी लागली.

रात्री हे मार्केट यार्डातून आले. हे तिथे हळदीच्या अडत दुकानात हिशेब बघतात. म्हणाले, भरूया गॅस, आईची झोप महत्त्वाची. मीही तयार होते.

दुसऱ्या दिवशी, १२ एप्रिलला, हनुमान जयंती. सुंठवडा द्यायला शेजारच्या काकांकडे गेले. काका आयटीआयमध्ये फ्रिज-एसीचा ट्रेड शिकवून निवृत्त झालेत. हे मला माहीत होतं, पण आमच्या एसीसाठी त्यांना त्रास द्यावा असं कधी डोक्यात आलं नव्हतं. त्यांनीच विचारलं, सूनबाई, डोळे का सुजलेत. मी सगळं सांगितलं. त्यांनी एकच प्रश्न केला.

‘जाळी कधी धुतलीय?’

मला जाळी कोणती तेच कळलं नाही.

‘झाकण उघडलं की समोरच दोन जाळ्या असतात. फिल्टर. त्या बघितल्याशिवाय जो गॅसचं नाव घेतोय त्याला पैसे द्यायचे नाहीत,’ काका म्हणाले. ‘गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. बंद नळीत फिरत राहतोय. कमी झाला तर कुठंतरी गळालाय. मग आधी गळती शोधायची, ती बुजवायची, नळ्यांतली हवा पंपाने काढून व्हॅक्यूम करायच्या आणि आउटडोअरच्या स्टिकरवर लिहिलेत तेवढे ग्रॅम वजन करून भरायचा. दहा मिनिटांचं काम नव्हं ते.’ आमच्या एसीत आर-३२ आहे. तो गॅस सौम्य ज्वलनशील असतो, त्यामुळे त्याच्याशी घरी खेळ नाही, हेही त्यांनी बजावलं.

संध्याकाळी काका आमच्याकडे आले. त्यांना मानेचा त्रास आहे, शिडीवर चढता येत नाही. ते खाली खुर्चीवर बसले, मी वर. एसी दोन तास चालू ठेवला होता. आता रिमोटने बंद केला, मग भिंतीवरचा बटणासारखा एमसीबी खाली पाडला. काकांनी पाच मिनिटं थांबायला लावलं, आतला पंखा पूर्ण थांबेपर्यंत. प्लास्टिकच्या स्टुलावर चढू नका असंही सांगितलं. आम्ही बिल्डिंगच्या वॉचमनकडून घडीची शिडी आणली आणि ह्यांनी ती धरली.

खरी भीती मला झाकणाची होती. एवढं मोठं पांढरं प्लास्टिक, ओढलं आणि तुटलं तर? काकांनी सांगितल्याप्रमाणे दोन्ही कडांना चाचपलं, तर बोटं बसतील एवढ्या खाचा लागल्या. दोन्हीकडून एकाच वेळी पुढे ओढलं. ‘कट्’ असा आवाज झाला आणि माझे हात थांबले. खालून काका म्हणाले, ‘तो खटका सुटला. तुटल्याचा आवाज नव्हं. उचल वर.’ उचलत नेलं तसं कपाळाच्या उंचीला आल्यावर झाकण स्वतःच अडकून उभं राहिलं. धरून ठेवायला लागत नाही. ही गोष्ट मला आधी कुणी सांगितली असती तर निम्मी भीती तिथेच गेली असती.

आत जे दिसलं ते मी जाळी म्हणून ओळखलंच नाही. राखाडी लोकरीची घोंगडी पसरल्यासारखं होतं. भोक एकही दिसत नव्हतं. उजव्या जाळीवर काळे लांबट कण अडकलेले, ते मी लगेच ओळखले. गाळप हंगामात शिवारात पाचट पेटवतात तेव्हा गच्चीवर, वाळत घातलेल्या कपड्यांवर उडून येतात तेच. आणि कडेला, घोंगडीच्या किनारीला, हळदीची पिवळी झाक. ह्यांचं कपड्यांचं कपाट आईंच्याच खोलीत आहे, यार्डातून आल्यावर सदरा तिथेच झटकला जातो. फेब्रुवारीपासून हळदीचा हंगाम. सगळं त्या जाळीने धरून ठेवलं होतं.

जाळीच्या खालच्या कडेला मध्यभागी धरायला जीभ असते. ती किंचित वर ढकलायची, म्हणजे खालचा हूक सुटतो, आणि मग खाली ओढायची. डावी जाळी अर्धी खाली ओढली आणि टॉर्च मारला. मागे अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पट्ट्यांची कॉइल असते. आमच्या कॉइलवर बर्फ होता. पांढरा, फ्रीजरच्या कडेला जमतो तसा, हाताएवढ्या लांबीचा. एप्रिलमध्ये, सांगलीत, चाळिशीला टेकलेल्या उकाड्यात.

काकांनी समजावलं ते असं. कूलवर असताना ती कॉइल थंडगार असते. खोलीतली हवा जाळीतून तिच्यावरून जाते, हवा गार होते आणि कॉइलला ऊब मिळते. जाळी बंद झाली की हवाच पोहोचत नाही, कॉइल शून्याच्या खाली जाते आणि हवेतली वाफ तिच्यावर गोठते. बर्फ झाला की उरलीसुरली वाटही बंद. मी १८ वर लावलं तेव्हा फक्त बर्फ वाढवला. मशीन थांबलं की तो बर्फ वितळतो आणि खालच्या पन्हळीत मावत नाही, तो उशीवर. गॅस गळाला तरी कॉइलवर बर्फ धरतोच, म्हणून नुसता बर्फ बघून निकाल द्यायचा नाही. आधी जाळी धुवायची, बर्फ वितळू द्यायचा, मग चालवून बघायचं.

मला जानेवारी आठवला. हीटवर लावला की पंधरा-वीस मिनिटांनी गरम हवा मंदावायची, आई म्हणायच्या बंद पडला का गं. हॉट अँड कोल्डमध्ये एक व्हॉल्व्ह असतो, तो गॅसची वाट उलटी फिरवतो. मग खोलीतली कॉइल गरम होते आणि बाहेरची थंड. जाळी तुंबलेली असेल तर उलट घोटाळा. कॉइलची उष्णता खोलीत येतच नाही, कॉइल फार तापते आणि मशीन स्वतःला वाचवायला जोर कमी करतं. म्हणजे आईंचे पाय थंडीत आखडत होते तेही ह्याच घोंगडीमुळे. तीन महिने ते आम्हाला सांगत होतं.

त्या रात्री एसी बंद ठेवला. बर्फ खरवडायचा नाही, सुरी लावायची नाही, गरम पाणी मारायचं नाही, एवढं काकांनी तीनदा सांगितलं. पट्ट्या वाकतात, नळीला भोक पडलं तर मग खरंच गॅस जातो. खाली टब आणि जुनी चादर टाकली.

रात्री मी कपाटातली एसीची फाइल काढली. बिल, वॉरंटी कार्ड, बसवल्याची स्लिप आणि कधीच न उघडलेलं माहितीपुस्तक. पुस्तकात चित्रासकट लिहिलं होतं : फिल्टर दर दोन आठवड्यांनी साफ करा. वॉरंटी कार्डावर बारीक अक्षरात होतं की संपूर्ण यंत्राला १ वर्ष, पीसीबीला (आतल्या सर्किट बोर्डाला) ५ वर्षं, कॉम्प्रेसरला १० वर्षं, आणि फिल्टरची सफाई ही ग्राहकाची जबाबदारी. झाकण उघडलं तर वॉरंटी जाते अशी ह्यांना धास्ती होती. तसं काही नव्हतं. तुमच्याकडेही हे पुस्तक कुठेतरी असेल. पहिल्यांदा करण्याआधी ते तेवढं पान वाचा, कारण काही मॉडेलांत जाळ्या वरून निघतात आणि खटके वेगळीकडे असतात.

रविवार, १३ एप्रिल. सकाळी साडेसातला सुरुवात केली. टबमध्ये बोटभर पाणी जमलं होतं, बर्फ गेला होता. पलंगावर जुनी चादर टाकली. जाळ्या काढण्याआधी आतला फोटो घेतला, हा फोटो पुढे फार कामाला आला. तोंडाला ओढणी बांधली आणि आईंना हॉलमध्ये बसवलं, कारण त्यांना धुळीने खोकला सुटतो.

जाळ्या सरळ वर्तमानपत्रावर घेतल्या, घरात झटकल्या नाहीत. डाव्या जाळीच्या वरच्या कोपऱ्यात एक छोटी काळी पट्टी चिकटवलेली होती, बोटभर रुंदीची. ती वास शोषून घेणारी कार्बनची पट्टी. ती धुवायची नसते. मी ती काढून बाजूला ठेवली.

घोंगडी धुवायच्या आधीच निघाली. एका कडेला नखाने उचलली तर अख्खा पापुद्रा सुटून आला, मऊ, हाताला पीठ लागल्यासारखा. तो मी कागदात गुंडाळून टाकला. उरलेलं चाळीस रुपयांच्या नव्या दोन इंची रंगाच्या ब्रशने कोरडंच झाडलं. मग बाथरूममध्ये नळाखाली धरली. इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. धूळ बसते ती खोलीकडच्या, म्हणजे पुढच्या बाजूला. पाणी मारायचं ते मागच्या बाजूने. म्हणजे धूळ आली त्या वाटेने बाहेर ढकलली जाते. पुढून मारलं की ती भोकांत आणखी घट्ट बसते. मी पहिली जाळी पुढूनच धुतली, दहा मिनिटं घासली तरी मधे करडा पट्टा तसाच. उलटी केली आणि एका मिनिटात पाणी काळं होऊन वाहायला लागलं. आधी शाईसारखं, मग चहासारखं, मग स्वच्छ. उजेडाकडे धरली तर पलीकडची बादली दिसली. दीड वर्षांनी त्या जाळीतून काही आरपार दिसत होतं. मी तिथेच थोडा वेळ ती धरून उभी राहिले.

पाणी साधंच घ्या, फार तर कोमट. ४० अंशांच्या वर गरम नको, जाळीचं प्लास्टिक वाकडं होतं. भांडी घासायच्या लिक्विडचे दोन थेंब बादलीत पुरतात. तारेची घासणी, ब्लीच, कपड्यांची जहाल पावडर यातलं काही नको.

वाळवताना माझी चूक झाली. एप्रिलचं ऊन, दहा मिनिटांत वाळेल म्हणून गच्चीवर नेऊन ठेवल्या. काकांनी त्यांच्या खिडकीतून बघितलं आणि ओरडूनच सांगितलं, सावलीत घे. उन्हाने चौकट आखडते, मग खाचेत बसत नाही. उचलून गॅलरीत भिंतीला टेकवून उभ्या केल्या. दीड तास लागला. पूर्ण कोरड्या झाल्याशिवाय लावायच्या नाहीत, ओलसर राहिल्या की आत बुरशी धरते आणि एसी लावला की कुबट वास येतो. आणि जाळी वाळतेय तोवर एसी लावूया, असंही करायचं नाही. जाळी नसली की धूळ थेट कॉइलच्या ओल्या पट्ट्यांवर जाऊन चिकटते, आणि ती घरी निघत नाही.

तेवढ्या वेळात झाकण आतून-बाहेरून ओल्या फडक्याने पुसलं. कॉइलला हात लावला नाही, त्या पट्ट्या ब्लेडसारख्या बोट कापतात. खालची हवा वरखाली करणारी पट्टीही हाताने फिरवायची नाही, तिला मोटर असते.

लावताना उजवी जाळी बसेना. वर सरकवली, खालून दाबली, झाकण बंद केलं तर उजवीकडे बोटभर फट. घाम फुटला. दाबू का? दाबून तुटलं तर? हे म्हणाले, राहू दे, माणूस बोलावू. मी खाली उतरून मोबाइलवरचा सकाळचा फोटो मोठा करून बघितला. जाळीची वरची कड आत एका ओठाच्या मागे गेलेली दिसत होती. माझी ओठाच्या पुढे आली होती. परत काढली, वरची कड आधी मागे सरकवली, मग खालचा हूक दाबला. झाकण खाली घेतलं, दोन्ही कडांना आणि मध्ये तळव्याने दाबलं. तीन खटके वाजले.

एमसीबी वर केला, कूलवर २४ लावलं. आईंच्या पलंगाशेजारी भिंतीवर खोलीचं तापमान दाखवणारं साधं घड्याळ आहे. खोलीत ३१ होतं. काकांनी सांगितलं होतं की पंधरा मिनिटांनी ते घड्याळ हवेच्या तोंडाशी धरून बघ, आठ ते बारा अंशांचा फरक पडला पाहिजे. वीस मिनिटांनी धरलं. १९. आई दारात काठी टेकून उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, सरळ आत येऊन पलंगावर आडव्या झाल्या आणि चादर ओढून घेतली.

इथे संपलं असतं तर बरं झालं असतं, पण १५ तारखेला रात्री पुन्हा थेंब पडले. थोडेच, पण माझा जीव खाली-वर झाला. गार हवा मात्र नीट होती. काका म्हणाले, ड्रेन बघ. आमच्या एसीच्या पाण्याचा पाइप गॅलरीत बादलीत सोडलाय, ते पाणी फरशी पुसायला आणि कुंड्यांना वापरतो. बादली भरत आली की पाइपचं तोंड पाण्यात बुडायचं. तोंड बुडालं की पाण्याला वाहायला वाट मिळत नाही आणि ते माघारी पन्हळीत तुंबतं. पाइप चार बोटं कापून बादलीच्या काठावर चिमट्याने अडकवला. त्या रात्री थांबलं. (हे पाणी इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालणारे लोक मी पाहिलेत. घालू नका, ते डिस्टिल्ड वॉटर नसतं, धूळ-क्षार घेऊन आलेलं असतं.)

मधल्या काळात तक्रारीचंही चाललंच होतं. १४ एप्रिलला पुन्हा फोन करून सांगितलं की तक्रार काम न होता बंद केली गेली आहे. नवा नंबर मिळाला, पण जुन्याशी जोडा म्हटल्याशिवाय जोडला नाही, आणि जोडला नसता तर पुन्हा ५९० बसले असते. सोबत कंपनीच्या ईमेलवर तारखांसकट लिहिलं : कधी फोन केला, कधी माणूस आला, काय म्हणाला, झाकण उघडलं नाही, मीटर लावला नाही, पावती दिली नाही. खाली लिहिलं की सात दिवसांत उत्तर न आल्यास राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ नंबरावर तक्रार नोंदवेन. राग होता, पण ईमेलात राग लिहिला नाही, तारखाच लिहिल्या. १७ तारखेला दुसरे तंत्रज्ञ आले, वयाने मोठे. त्यांनी आउटडोअरला गेज, म्हणजे दाब मोजायचा मीटर, लावला, एसी पूर्ण जोरात चालवला, काटा १३५ पीएसआयच्या (दाबाचं माप) आसपास. ‘गॅस बरोबर आहे ताई. भरायची काही गरज नाही.’ ते मी जॉबशीटवर लिहून घेतलं. नियमाप्रमाणे व्हिजिट चार्ज परत मिळत नाही, असं उत्तर आलं. ५९० गेले ते गेलेच. १९१५ ला फोन केला नाही, तेवढ्यावर थांबले.

ह्याच तंत्रज्ञांनी सांगितलं की कॉइलवर आणि पंख्याच्या नळकांड्यावर जी धूळ गेलीय ती जाळी धुऊन निघणार नाही, एकदा वेट सर्व्हिस करून घ्या. काकांचा एक जुना विद्यार्थी कुपवाडला हेच काम करतो, तो २२ एप्रिलला आला. ६०० रुपये, पन्नास मिनिटं. एसीखाली प्लास्टिकची झोळी बांधली, तिचं तोंड बादलीत, आणि छोट्या पंपाने कॉइलवर वरून खाली पाण्याचा फवारा मारला. ड्रेन पाइपात हवा मारली तेव्हा करंगळीएवढा शेवाळी गोळा गॅलरीत जाऊन पडला. हे काम आपण घरी करायचं नाही, आत वायरी आणि सर्किट असतं. वर्षातून एकदा, उन्हाळ्याच्या तोंडाला, फेब्रुवारीअखेर करून घ्यायचं ठरवलंय. एप्रिलमध्ये कुणाकडेच वेळ नसतो.

एकूण खर्च असा : व्हिजिट ५९०, ब्रश ४०, सर्व्हिस ६००. १,२३० रुपये. गॅसचे ३,२०० वाचले. आईंच्या नऊ रात्री मात्र परत येत नाहीत.

दोन आठवड्यांनी धुवायचं म्हणजे लक्षात कसं ठेवायचं, ह्यावर मी मोबाइलमध्ये अलार्म लावत होते. आई म्हणाल्या, ‘अगं, एकादशी पंधरा दिवसांनीच येते की.’ त्यांची एकादशी कधी चुकत नाही. २४ एप्रिलला वरूथिनी होती, त्या दिवशी दुसऱ्यांदा धुतली. जाळीवर फक्त पातळ करडी साय होती, ब्रशनेच निघाली. ८ मेला मोहिनी, तेव्हा शिडी लावण्यापासून झाकण बंद करेपर्यंत, वाळायचा वेळ सोडून, पंचवीस मिनिटं लागली. त्यावेळी मी शिडी धरून जाळी ह्यांनाच काढायला लावली असती, पण ते यार्डात होते. आमच्या बारावीतल्या मुलाने शिडी धरली आणि नंतर स्वतः चढून डावी जाळी बसवली. आता घरात दोघांना येतं.

त्या वर्षी पाऊस मे महिन्यातच आला. २३ मेला, अपरा एकादशीला, जाळ्या धुऊन लावल्या, मग दोन तास एसी नुसत्या पंख्यावर चालवला, म्हणजे आतली ओल सुकते, आणि एमसीबी पाडून ठेवला. पुढच्या एकादशीला, ६ जूनला, आईंनी सकाळीच विचारलं, शिडी काढलीस का? मी म्हटलं, आई, आता बंद आहे, थंडी सुरू झाली की. त्यांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून आणायला लावलं, चष्मा लावला, पानं उलटत गेल्या, आणि कार्तिकीच्या चौकटीत पेनाने बारीक अक्षरात ‘जाळी’ असं लिहून ठेवलं.